ऊन सगळ्यांचं, गायरान कोणाचं?

(जिंतूर तालुक्यातल्या एका वाडीवर झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली.)



कापूस वेचणीचे दिवस आहेत. आज जो इथं आला त्याची दिवसाची मजुरी बुडाली, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाल्हाळ लावत नाही, सरळ विषयावर येते.

दिवाळीनंतर आपल्या गायरानात मोजणीवाले आले होते, ते सगळ्यांनी पाहिलं. तिकाटण्यावर मशीन लावलं, चार दगडांना लाल रंग फासला आणि गेले. कोणाचे म्हणून विचारलं तर म्हणाले सोलरचे. त्या दिवसापासून वाडीत दोन तऱ्हेची बोलणी चालू आहेत. एक म्हणतात, सोलर आलं की पोरांना नोकऱ्या लागतील, लाईट फुकट मिळेल. दुसरे म्हणतात, सोलर म्हणजे वाटोळं, एक प्लेट पण लावू द्यायची नाही. माझं म्हणणं या दोन्हींपेक्षा जरा वेगळं आहे. ते पटतं का बघा.

पहिल्यांदा सोलरच्या बाजूनं बोलते, कारण ते कोणी नीट सांगतच नाही.

परळीचं थर्मल आपल्यापासून किती लांब आहे? गंगाखेडच्या पुढं गेलं की चिमण्या दिसतात. ते चालतं कोळशावर, आणि कोळशाइतकंच त्याला पाणी लागतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं पाणी त्याला जातं. २०१५ च्या दुष्काळात पाणीच राहिलं नाही तेव्हा सगळे संच बंद पडले. त्या वर्षी आपल्या मायबहिणी टँकरमागं पळत होत्या, अन् तिकडं कारखाना पाण्यावाचून उभा होता. आणि कोळसा येतो कुठून? चंद्रपूरकडून, छत्तीसगडकडून. तिथं खाली कोळसा आहे आणि वर आपल्यासारखीच माणसं राहतात. गोंड, उरांव, कितीतरी. त्यांचं रान खोदून आपला बल्ब लागतो. हे आपण आदिवासींनी विसरून चालणार नाही. शिवाय कोळशाचा धूर हवा तापवतो. पाऊस कसा वागायला लागलाय ते मी सांगायची गरज नाही. जूनमध्ये पेरायचं, जुलैत दुबार पेरायचं, सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात.

दुसरी गोष्ट, रातपाळीची लाईट. रात्री बारा-एकला मोटार चालू करायला शेतात जायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. साप चावून माणसं गेलीत, ती आपल्या आसपासच्या गावांतलीच आहेत. सूर्य दिवसा असतो, म्हणून सोलरची लाईट दिवसा मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची म्हणून तर सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. पहिली २०१७ ला आणि दुसरी, जिला ‘२.०’ म्हणतात, ती २०२३ ला. सबस्टेशनच्या जवळ पाच-दहा किलोमीटरच्या आत लहान लहान सोलर प्रकल्प लावायचे आणि तिथली वीज शेतीच्या फिडरला द्यायची, अशी ती योजना. कल्पना चांगली आहे. वाईट आहे असं मी कुठंच म्हणणार नाही.

देशात तर याची मोठीच धाव चालू आहे. २०३० पर्यंत कोळसा-तेल सोडून बाकीच्या मार्गानं ५०० गिगावॅट उभं करायचं असं सरकारनं जगाला सांगितलंय. नुसतं सोलर २०२५ च्या सुरुवातीलाच १०० गिगावॅटच्या वर गेलं. गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट.

आता हे मेगावॅट-बिगावॅट काय असतं ते आधी फोडून सांगते, कारण उद्या साहेब येऊन हेच शब्द फेकणार आणि आपण माना डोलावणार.

आपल्या बिलावर युनिट असतं ना. एक हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. हजार किलोवॅट म्हणजे एक मेगावॅट. एक मेगावॅटचा सोलर प्रकल्प आपल्या भागातल्या उन्हात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण चार हजार युनिट काढतो. उन्हाळ्यात जास्त, श्रावणात कमी. दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही असलेलं आपलं घर दिवसाला दोन युनिट खातं. म्हणजे एका मेगावॅटमधी आपल्यासारखी दोन हजार घरं चालतात. आपल्या वाडीची घरं साठ. हिशेब तुम्हीच लावा.

प्लेटा काय करतात? ऊन पडलं की त्यांच्यात वीज तयार होते, पण ती बॅटरीसारखी एका दिशेची असते. ती इन्व्हर्टरमधून फिरवून घरात चालते तशी करतात, मग ट्रान्सफॉर्मरनं दाब वाढवून तारेवरून सबस्टेशनला नेतात. यात धूर नाही, राख नाही, भोंगा नाही. आग लागेल, कॅन्सर होईल, पाऊस पळून जाईल असलं जे कोणी मोबाईलवर पाठवतं, त्याच्या नादी लागू नका. असल्या गोष्टी बोललो की साहेब हसतात आणि आपला खरा मुद्दा पण हसण्यावारी जातो.

आणि खरा मुद्दा जमिनीचा आहे. कोळशाची खाण खोल जाते, सोलर पसरतं. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते, आणि ती सपाट, मोकळी, सावली नसलेली, रस्त्याच्या अन् सबस्टेशनच्या जवळची पाहिजे. अशी जागा बागायतदार देतो का? तो नाही देत, आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत पण नाही. मग नकाशावर शोधतात, ‘पडीक’ कुठं लिहिलंय. ‘शासकीय’ कुठं लिहिलंय. ‘गायरान’ कुठं लिहिलंय.

मोठे प्रकल्प कुठं झाले ते जरा बघू या.

आपल्या राज्यात सरकारी महानिर्मिती कंपनीचा मोठा सौर प्रकल्प आहे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला. १२५ मेगावॅटचा. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेनं त्याला कर्ज दिलं आणि मार्च २०१३ मध्ये तो सुरू झाला. त्या वेळी देशातल्या मोठ्या सोलर प्रकल्पांमधी त्याचं नाव होतं. साक्री तालुका म्हणजे भिल्ल, कोकणा, मावची आदिवासींचा. १२५ मेगावॅटला जागा किती लागली असेल ते मघाच्या हिशेबानं काढा, पाचशे-सहाशे एकर तर सहज. परदेशातून साहेब येतात, फोटो काढतात, कार्बन किती वाचला त्याचे आकडे लिहितात. त्या कागदात गुरं कुठं चरायला गेली याचा रकाना नसतो.

त्याच धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात विखरण गाव आहे. तिथल्या धर्मा पाटील यांचं नाव जुन्या माणसांना आठवत असेल. वय ऐंशीच्या वर. महानिर्मितीच्या सौर प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन घेतली आणि हातात चार लाख रुपये ठेवले. शेजारच्याला त्याच्या कितीतरी पट मिळाले. म्हातारा वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. त्यानंतर सरकार हललं, फेरमूल्यांकन झालं.

मी हे का सांगते? धर्मा पाटलांकडं सातबारा होता. स्वतःच्या नावाचा, बागायत जमिनीचा. तरी त्यांची ही गत झाली. आपल्या वाडीत तर निम्म्या माणसांकडं कसती जमीन आहे पण कागद नाही. वनहक्काचे दावे किती वर्षं पडून आहेत ते मंडळी जाणतात. मग आपलं काय होईल?

आता एक जरा बरं उदाहरण. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यात पावगड तालुका आहे, सततचा दुष्काळी, थेट आपल्यासारखा. तिथं २,०५० मेगावॅटचं सोलर पार्क झालं, पाच गावांच्या मिळून तेरा हजार एकरांवर. तिथं सरकारनं जमीन विकत घेतली नाही, भाड्यानं घेतली. एकराला वर्षाचे एकवीस हजार रुपये, आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ. जमीन मालकाच्याच नावावर. ज्यांच्याकडं कोरडवाहू वीस-पंचवीस एकर होती त्यांचं भलं झालं, हे खरं आहे. घरं बांधली, कर्जं फेडली. पण ज्याच्याकडं जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून खात होता, त्याची मजुरी गेली. मेंढरंवाल्यांचं चराईचं रान कुंपणात गेलं. भाडं मिळतं सातबारावाल्याला. ज्याचं पोट जमिनीवर आहे पण नाव जमिनीवर नाही, त्याच्यापुढं कोणी रजिस्टर घेऊन बसत नाही.

आता आपल्या गायरानाचं बघू. इथं जरा आकडे आहेत. ज्या पोरांना गणित येतं त्यांनी माझ्याबरोबर मांडा, चुकलं तर इथंच सांगा.

समजा, पाच मेगावॅटचा प्रकल्प येतो. जागा लागली वीस एकर धरा. दिवसाला वीस हजार युनिट. या योजनेत महावितरण ही वीज कंपनीकडून युनिटला साधारण तीन रुपयांच्या आसपास घेते, पंचवीस वर्षांचा करार करून. म्हणजे दिवसाचे साठ हजार, वर्षाचे दोन कोटींच्या वर. कंपनीचा खर्च पण आहे, खोटं कशाला बोला. उभारणीला कोट्यवधी लागतात, कर्जाचं व्याज असतं, देखभाल असते. तरी पंचवीस वर्षं हा पैसा येत राहणार.

आता हीच वीस एकर जमीन जर एखाद्या पाटलाची खाजगी असती, तर याच योजनेत त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं मिळतं, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि वर निश्चित वाढ वेगळी. वीस एकराचे वर्षाला दहा लाख. वाढ सोडून दिली तरी पंचवीस वर्षांचे अडीच कोटी.

आणि गायरान असेल तर? सरकारी जमीन म्हणून ती नाममात्र भाड्यानं दिली जाते. गावाला काय, तर ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षं. एकूण पंधरा लाख. त्यापुढं बावीस वर्षं काही नाही.

पाटलाच्या वीस एकराला अडीच कोटी, अख्ख्या गावाच्या वीस एकराला पंधरा लाख. मी कोणाला चोर म्हणत नाही. योजनेच्या कागदातच ते तसं आहे. पण हा फरक का, हे विचारायचा हक्क आपला आहे. गायरान पाटलाच्या रानापेक्षा कमी ऊन खातं का?

बरं, ते ‘पडीक’ म्हणतात त्या गायरानात काय आहे? काल संध्याकाळी मी बायांबरोबर बसून ते लिहून काढलं. वाडीतल्या शेळ्या दोनशेच्या वर, गाई-बैल सत्तर-ऐंशी. बाराही महिने ते तिथंच. पावसाळ्यात तरोटा, करटुली, दिवाळीला सीताफळं. ज्या दोन घरच्या म्हाताऱ्यांना कोणी मजुरीला घेत नाही त्या महिनाभर सीताफळांवर जगतात, टोपली घेऊन जिंतूरला बसतात. पळसाची पानं. जळतण. गोवऱ्या. पोळ्याला बैल तिथूनच निघतात. पलीकडच्या कोपऱ्यात आपलं मसणवटं आहे. आणि अकरा कुटुंबं तिथं चार पिढ्या नाही म्हटलं तरी तीस-पस्तीस वर्षं ज्वारी-तूर पेरतात. याला पडीक म्हणायचं असेल तर मंत्रालयाच्या पुढचं मैदान पण पडीकच आहे, तिथं तर काहीच पिकत नाही.

एक शेळी दहा-बारा हजाराला जाते. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला, वह्या-पुस्तकांना आपली बँक म्हणजे शेळी. चराई गेली की शेळी गेली. दवाखान्याचं काम पडलं की मग सावकार, आणि दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला. हे मी भीती घालायला सांगत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांनी हे बघितलंय.

नोकऱ्यांचं पण बोलू. उभारणी चालते तेव्हा खड्डे खोदायला, लोखंड उचलायला काही महिने मजुरी मिळते. नंतर प्रकल्प चालवायला माणसं फार थोडी लागतात. वॉचमन, गवत कापणारे, प्लेटा धुणारे. धुवायला पाणी लागतं, आणि ते पाणी कोणत्या बोअरचं, हा प्रश्न उन्हाळ्यात आपल्या हंड्याशी येऊन भिडतो. आणि फुकट लाईटचं म्हणाल तर प्रकल्प आपल्या गायरानात असला म्हणून आपल्या घराचं बिल माफ होत नाही. ती वीज सबस्टेशनला जाते. येलदरीचं धरण आपल्याच तालुक्यात पूर्णेवर आहे, साडेबावीस मेगावॅटचं वीजघर तिथं कधीचं चालू आहे. उशाला धरण असून कंदील लावून अभ्यास केलेली माणसं या बैठकीत बसली आहेत, त्यांनाच विचारा.

तर मग काय करायचं? कायदा काय म्हणतो?

आपला परभणी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. किनवट येतं, साक्रीचा भाग येतो, आपण नाही. त्यामुळं पेसा कायदा आपल्याला लागू नाही. कोणी भाषणात पेसा पेसा म्हणाला तर टाळ्या वाजवा, पण कचेरीत त्याच्या भरवशावर जाऊ नका. पण वनहक्क कायदा, २००६ चा, तो देशभर लागू आहे, आपल्याला पण. म्हणून पहिलं काम: ज्या गट नंबरमधी दगड रंगवले त्याचा सातबारा काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते बघा. वन लिहिलंय, की गायरान, की नुसतं महाराष्ट्र शासन. तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

वन असेल तर आपला हात वर आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिलंय की दाव्यांची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणाला कसत्या जमिनीवरून हटवता येत नाही. चराईचा हक्क, गौण वनोपजाचा हक्क हे सामूहिक हक्क म्हणून कलम ३(१) मध्येच आहेत. आणि याच कायद्यात सोलरचं पण आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं! कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणी अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते, त्यात ‘अपारंपरिक ऊर्जा’ हे नाव आहे. पण अटी बघा. एका सोयीला एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, ती सोय सरकारनं चालवायची असली पाहिजे आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. वीस एकराचा कंपनीचा प्रकल्प या दारातून आत येऊ शकत नाही. त्याला वनजमीन वळती करायची मोठी मंजुरी लागते. तिथं आधी ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या वन मंत्रालयाचंच ३ ऑगस्ट २००९ चं पत्र होतं. २०२२ च्या नियमांनी ती पायरी ढिली केली, केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्काचं राज्यानं नंतर बघायचं असं करून ठेवलं. पण कायदा तोच आहे, कलम ४(५) तेच आहे. आपले दावे दाखल असले तर ते बोलतात. दाखलच नसले तर काय बोलणार?

गायरान असेल तर वाट जरा चढणीची आहे, पण वाट आहे. सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी वाचवा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावरून महाराष्ट्र सरकारनं १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. गायरान सार्वजनिक कामाला द्यायचंच झालं तर दुसरी जागाच नाही हे आधी दाखवावं लागतं. दुसरी जागा खरंच नाही का, हे आपण विचारायचं. हाच निकाल गायरान कसणाऱ्या गरिबांवर पण उलटतो, हेही लक्षात असू द्या. २०२२ च्या शेवटी अतिक्रमण काढायच्या नोटिसा आल्या होत्या त्या याच रस्त्यानं. म्हणून त्या अकरा कुटुंबांसाठी दुसरा कागद लागतो. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या भूमिहीनांचं अतिक्रमण नियमित करायचं, असं त्यात आहे. हा निर्णय आपोआप आलेला नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यातल्या दलित-आदिवासींनी पुढं गायरानासाठी मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. पुरावा म्हणून जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीची नोंद, गुन्हा दाखल झालेला कागद, काहीही चालवून बघता येतं. तलाठ्यानं ठोकलेला दंड त्या वेळी रडत भरला होता ना, ती पावती आज सोन्याची आहे. पेटी उघडा, धुंडा.

आणि ज्यांच्या नावावर स्वतःची जमीन आहे त्यांच्यासाठी एक. कंपनीची माणसं भाड्याचं बोलायला तुमच्याकडं पण येतील. एकरी पन्नास हजार ऐकून डोळे फिरतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही, भाड्यानं सुद्धा नाही, महसूल कायद्याचं कलम ३६ अ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी जाहीर केलं की आदिवासींना जमीन खाजगी माणसाला भाड्यानं देता येईल असा कायदा आणणार, एकरी कमीत कमी पन्नास हजार. काहीजण म्हणतात, चांगलं झालं, आमचा निर्णय आम्हाला घेऊ द्या. त्या म्हणण्यात पण तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांचा करार म्हणजे आज पन्नाशीतला माणूस सही करतो आणि जमीन परत येते तेव्हा नातू बाप झालेला असतो. मधल्या काळात बांध कुठं होता ते कोण सांगणार? कोऱ्या कागदावर, विसार म्हणून, पाच-दहा हजार घेऊन कोणी अंगठा देऊ नका. आपल्या शेजारच्या एका गावात हे झालंय. एका दलालानं चहा पाजून तीन जणांच्या सह्या नेल्या, कागदाची प्रत आजतागायत दिली नाही.

आता मला जे वाटतं ते सांगते. आपण ‘सोलर नको’ असा ठराव करू नये. ‘अटींशिवाय नको’ असा करावा. कुठली जागा देता येईल हे ग्रामसभा दाखवेल. डोंगराच्या माथ्यावर मुरमाड, खडक उघडा पडलेला एक तुकडा आहे, तिथं गवत पण धड येत नाही. तिथला रस्ता अवघड आहे, कंपनीला महाग पडेल, हे मला कळतं. पण स्वस्त म्हणून आमची चराई, हे चालणार नाही. भाडं खाजगी जमिनीइतकंच, आणि तीन वर्षं नाही, प्रकल्प चालेल तितकी वर्षं. कसणाऱ्या अकरा कुटुंबांचा निकाल आधी. मसणवटा आणि पाणंद कुंपणाबाहेर. धुण्याचं पाणी गावाच्या बोअरचं नाही. आणि प्लेटांच्या खाली शेळ्या-मेंढ्या चरायला वाट. हसू नका! बाहेरच्या देशांत प्लेटांखाली मेंढरं चरतात, गवत कापायचा खर्च वाचतो म्हणून कंपन्याच ती बोलावतात. आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात प्लेटा उंचावर लावून खाली पीक घ्यायचा प्रयोग चालू आहे. म्हणजे शास्त्राला जमतं. जमवायचं मन पाहिजे.

आणखी एक विचार मनात ठेवा, आज ठराव नको, नुसता विचार. कलम ३(२) मधी जे एक हेक्टर सांगितलं, त्यावर पाचशे किलोवॅटच्या आसपास सोलर बसतं. आपली वाडी आणि शेजारच्या चार वाड्या मिळून दिवसा लागते त्यापेक्षा ती जास्त भरेल. ते गावासाठी सरकारनं उभारावं, गावानं राखावं, अशी मागणी आपण का करू नये? जंगलातल्या माणसानं फक्त जागा द्यायची आणि उजेड दुसऱ्यानं न्यायचा, असं कुठं लिहून ठेवलंय?

कामाचं बोलून थांबते. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून आठ दिवस आधी सरपंचांना लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. अर्ज मी लिहून आणलाय, वाचून दाखवते, मग सह्या करा. वनहक्क समितीच्या लोकांनी परवा जिंतूरला जाऊन दाव्यांची आजची स्थिती लेखी मागायची. त्या अकरा घरांनी रविवारी सगळे कागद घेऊन शाळेत यायचं, ओले-फाटके असले तरी आणा, आम्ही झेरॉक्स काढू, खर्च संघटनेचा. आणि बायांनी जनावरांची घरटी यादी पक्की करायची. मालकाचं नाव, शेळ्या किती, गाई किती, चरायला कोणत्या गटात जातात. मागच्या खेपेला यादी पुरुषांनी केली तेव्हा शेळ्या मोजल्याच नव्हत्या, नुसते बैल लिहिले होते. मावशी, तुमच्या घरापासून सुरू करू, तुमच्या शेळ्या किती म्हणालात?